रबरावरची हळद

जळकोटला हमरस्ता सोडून दोन शेते ओलांडली की धुळाप्पाचे घर लागत असे, आणि त्या घराच्या अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या वैशाखापासून एक बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची विजेवरची करवत, उभा होता. एसटीच्या आगारात तीस वर्षे फिटर म्हणून पान्हा फिरवून निवृत्त झालेल्या माणसाने उतारवयात सुतारकामाचा नाद धरावा याचे गावाला नवल वाटले होते. परंतु धुळाप्पाने ते यंत्र लहरीखातर घेतले नव्हते. त्यासाठी त्याने सोलापूरच्या चार खेपा केल्या होत्या. दुकानदार त्याच्या गळ्यात गोल करवतीचे मशीन बांधू पाहत होता. धुळाप्पा मात्र बधला नाही. गोल पाते लाकूड उलटे माणसाच्या अंगावर फेकते, आणि ही उभी पट्टी लाकडाला खाली टेबलावर दाबून धरते, हा भेद त्याने एका वखारीत तासभर उभे राहून डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय त्याला खुर्च्यांचे वाकडे हात कापायचे होते, आणि वळण घेणे अरुंद पट्टीलाच जमते. अखेर त्याने चौदा इंची चाकांचे, ओतीव लोखंडाच्या टेबलाचे आणि घरच्या विजेवर चालणारे एक वापरलेले यंत्र पसंत केले, आणि टेंपोतून उतरवताना बायकोला सांगितले, "अयोध्या, हे मशीन माणसाच्या अंगावर येत न्हाय."

ते वाक्य पुढे त्याला फार महाग पडणार होते.

यंत्राची मांडणी करण्यात त्याने आठ दिवस घालवले. खाली पाचरी सारून टेबल समपातळीत आणले; वरच्या आणि खालच्या चाकावर दोरी ताणून दोन्ही एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहिले; चाक हाताने फिरवीत पट्टी रबराच्या मधोमध धावू लागेपर्यंत वरच्या चाकाचा कल केसाकेसाने बदलला. यंत्राबरोबर आलेली हिंदी पुस्तिका त्याने बोट ठेवून ठेवून वाचली आणि तिचे सार शेडच्या पत्र्यावर लाल रंगाने लिहून काढले: चाकाचे रबर कोरडे ठेवणे. गाइड लाकडाच्या बोटभर वर ठेवणे. काम संपल्यावर ताण सैल करणे. पट्टीच्या रेषेत हात नेऊ नये. मुलगा रामहरी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करीत असे. सुटीच्या दिवशी तो मदतीस आला की धुळाप्पा आधी त्याच्याकडून हे चारही नियम मोठ्याने वाचून घेई. रामहरी हसत वाचे. सून ज्ञानेश्वरी हिलाही ते स्वयंपाकघरात बसून पाठ झाले होते.

नवरात्र आले. त्या घरी घट बसत. नवमीला घरातील यच्चयावत लोखंड धुऊन, पुसून देवापुढे मांडण्याची चाल धुळाप्पाच्या आजोबापासून चालत आलेली होती. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आगारातला जुना पान्हा, सर्वांना तेलाचे बोट लावायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दसऱ्याला उचलेपर्यंत कोणत्याही हत्याराला काम सांगायचे नाही. यंदा मांडणीत बँडसॉची भर पडली. यंत्र देवापुढे नेता येईना, म्हणून धुळाप्पा पूजेचे ताट घेऊन यंत्रापाशी गेला. झेंडूची माळ टेबलावर लोंबती राहावी यासाठी त्याने पट्टीला सावरणारे आणि तिचा उघडा भाग झाकणारे गाइड हातभर वर सरकवले. नंतर झाकणे उघडली, आणि मनोभावे हळद घातलेल्या तेलात बोटे बुडवून दोन्ही चाकांना गोल फिरवीत तेल लावले. तीस वर्षे ज्या हातांनी प्रत्येक फिरत्या लोखंडाला तेल पाजले, त्या हातांना रबर निराळे वाटले नाही. समोर पत्र्यावर त्याच्याच अक्षरातला नियम होता. परंतु त्या क्षणी तो वाचणारा नव्हता, तो पूजा करणारा होता.

त्याच दिवशी दुपारी वारा सुटला आणि पावसाची एक सर तिरपी शेडमध्ये घुसली. पुरुषमाणसे घरी नव्हती. ज्ञानेश्वरी आदल्या दिवसापासून बाजूला बसली होती. घरात घट असल्याने तेव्हापासून तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नव्हते, पडवीच्या कोपऱ्यात तिचे अंथरूण होते. टेबलाला गंज चढेल या काळजीने ती उठली, खुंटीवरचा प्लास्टिकचा कागद काढून तिने यंत्रावर पांघरला आणि कडेला विटा ठेवल्या. हे अयोध्याबाईने न्हाणीच्या दारातून पाहिले.

दसऱ्याला सकाळी हत्यारे उचलली गेली. आपट्याची पाने देऊनघेऊन झाल्यावर शुभ दिवशी एखादी खुर्ची पुरी करावी म्हणून बापलेक शेडमध्ये गेले. रामहरीने फळी धरली. मोटर सुरू झाली तशी पट्टी चाकाच्या कडेकडे सरकू लागली. धुळाप्पाने यंत्र थांबवून कल बदलला. ती पुन्हा सरकली. त्याला वाटले ताण कमी पडतो आहे, म्हणून त्याने ताण वाढवला, मग आणखी वाढवला. गाइड अजून वरच होते. त्या दिवशी नियम वाचून घेण्याचे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही. तिसऱ्यांदा मोटर सुरू झाली, पट्टी चाकावरून उतरली, काडकन तुटली, आणि उघड्या राहिलेल्या हातभर अंतरातून तिचे टोक चाबकासारखे बाहेर आले. रामहरीच्या उजव्या हाताची दोन बोटे वळवणाऱ्या नसा तुटल्या.

सोलापूरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. बोटे राहतील, पण टंकलेखन पूर्वीसारखे होईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी कपडे आणण्याच्या निमित्ताने धुळाप्पा गावी परतला आणि घरात न जाता आधी शेडमध्ये गेला. त्याने खालचे झाकण उघडले. चाकाच्या रबरावर तेलाची चकाकी होती आणि तिच्यात हळदीची पिवळी रेघ वर्तुळाकार फिरली होती. आपण काय केले हे त्याला जितके लख्ख कळले, तितके त्याला आयुष्यात क्वचितच काही कळले असेल. आणि मग त्याने जे केले, त्याची लाज त्याला अपघाताहूनही अधिक वाटत राहिली: खिशातील फडके काढून त्याने खालचे चाक घासून पुसले. वरच्या चाकाला हात घालणार, इतक्यात अंगणात पावले वाजली. त्याने झाकण लावले आणि फडके धोतराच्या सोग्यात दडवले.

येणारी अयोध्याबाई होती. ती शेडच्या तोंडाशी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली की तिला कारण कळले आहे. नवमीच्या दिवशी, पूजा झालेल्या यंत्राला, सुनेने तसल्या अवस्थेत हात लावला होता. दुसरे काय व्हायचे होते? देवीआईने लेकराचा जीव राखला हेच नशीब. तिने देवीला बोलून ठेवले होते की पाचव्या दिवशी न्हाली की सून चतुर्दशीला निघून पौर्णिमेसाठी अनवाणी तुळजापूरला चालत जाईल आणि पायरीपासून दंडवत घालील. धुळाप्पाने मान हलवली. ती होकाराची होती की दुःखाची, हे त्यालाही सांगता आले नसते. अयोध्याबाईने मात्र ती होकाराची धरली.

तीन दिवस तो गप्प राहिला. माणूस खोटे न बोलताही खोटेपणा करू शकतो हे त्याला त्या तीन दिवसांत समजले. शेजारच्या बाया दवाखान्याची चौकशी करायला येत आणि जाताना पडवीकडे तिरक्या नजरेने पाहत. न्हाऊन घरात आल्यावरही ज्ञानेश्वरीने भाकरीच्या पिठाला हात लावला तेव्हा अयोध्याबाईने परात आपल्याकडे ओढून घेतली. रामहरी तिसऱ्या दिवशी घरी आला. त्यालाही आईने सर्व सांगितले. त्याने बायकोला एकदाच विचारले, "हात लावला व्हतास का?" ती म्हणाली, "व्हय, भिजत व्हतं म्हून." तो भिंतीकडे तोंड करून निजला. धुळाप्पाने हे दाराआडून ऐकले, आणि सोग्यातले फडके निखाऱ्यासारखे त्याच्या कमरेला लागले.

चतुर्दशीला सकाळी ज्ञानेश्वरीचा भाऊ बिरू मोटारसायकलवर आला. बहिणीला चालत पाठवणार हे त्याला फोनवरून समजले होते. तो ओट्यावर बसला, पण पाण्याच्या तांब्याला शिवला नाही. ताट तयार होते: खण, नारळ, कवड्यांची माळ. ज्ञानेश्वरी अनवाणी उभी होती. अयोध्याबाईने सर्व हकिकत पुन्हा सांगितली. बिरूने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"म्हंजे आमची बहीण शिवली म्हून लोखंड तुटलं," तो म्हणाला. "मग एसटीत बाया बसतेत की रोज. गाडी घाटात तुटून पडाय पायजे."

"देवाच्या गोष्टीत थट्टा करू नगं," अयोध्याबाई म्हणाली.

"थट्टा न्हाय, मामी." बिरू धुळाप्पाकडे वळला. "मामा, तुमी तीस वरसं मशीन बघितलंय. तुमी सांगा. तुमी व्हय म्हणा, म्या माझ्या बहिणीसंग चालत जातो, एक शबूद बोलत न्हाय."

सर्वांचे डोळे त्याच्यावर होते. रामहरीदेखील पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात येऊन उभा राहिला होता. ज्ञानेश्वरी मात्र जमिनीकडे पाहत होती, जणू उत्तर काय येणार हे तिला तीन दिवसांपासून ठाऊक होते. त्या पाहण्यानेच धुळाप्पाला उठवले. होय म्हणणे एका शब्दाचे काम होते, आणि तो शब्द उच्चारला तर ही मुलगी जन्मभर या घरात खाली मान घालूनच वावरणार होती.

तो शेडमध्ये गेला. त्याच्यामागे सगळे गेले. त्याने यंत्राचे वरचे झाकण उघडले, रबरावर आंगठा दाबून फिरवला आणि वर करून दाखवला. आंगठा पिवळा आणि ओशट झाला होता.

"हे त्याल म्या लावलंय," तो म्हणाला. "नवमीला. पूजेत. रबराला त्याल लागलं की पट्टी घसरती. गाइड बी म्याच वर केलं, माळ घालाय. आन् घसरती म्हून ताण बी म्याच वाढीवला. तिनं फकस्त कागद टाकला."

बिरूने पत्र्यावरचा लाल मजकूर वाचला. चाकाचे रबर कोरडे ठेवणे. त्याने पुढचे वाचले नाही.

धुळाप्पाने सोग्यातून फडके काढून टेबलावर ठेवले. खालचे चाक आपण कधी पुसले, हेही त्याने सांगितले. ते त्याला सांगावे लागले नसते. परंतु अर्धे सांगून थांबण्याइतके बळ आता त्याच्यात उरले नव्हते.

रामहरी म्हणाला, "आप्पा, तुमाला ठावं व्हतं. दवाखान्यात कपडे घिऊन आलात तवा मला म्हणालात, देवीआईची मर्जी."

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.

अयोध्याबाईचा चेहरा मात्र अधिकच कठीण झाला. ती पिवळ्या आंगठ्याकडे पाहत राहिली. "म्हंजे पूजा केली म्हून पोराचा हात गेला, असं म्हणायचं का तुमाला?" तिने विचारले. धुळाप्पा म्हणाला की पूजेचा दोष नाही. कुठे काय लावावे हे ज्याला कळत होते, त्याचा आहे. तिला ते पटले की नाही हे दिसले नाही. ती घरात गेली, ताट उचलून आणले आणि ते त्याच्यासमोर टेबलावर, त्या फडक्याच्या शेजारी ठेवले.

"नवस बोलून झालाय," ती म्हणाली. "तो मागं घेता येत न्हाय. कुणी फेडायचा ते बघा आता."

धुळाप्पाने पायातल्या वहाणा काढल्या. त्याचे गुडघे दुखरे होते आणि तुळजापूर दोन दिवसांच्या चालीवर होते. बिरूने नळदुर्गपर्यंत तरी गाडीवर सोडतो असे म्हटले. त्याने नको म्हटले. निघण्यापूर्वी तो ज्ञानेश्वरीपुढे थांबला. तिने काही तरी बोलावे, रागाने का होईना बोलावे, असे त्याला वाटत होते.

"तवाच का बोलला न्हाईत, मामा?" एवढेच ती म्हणाली, आणि भावाला सांगितले की ती माहेरी येत नाही, ह्यांच्या हाताची पट्टी दुपारी बदलायची आहे.

आभाळ पुन्हा भरून आले होते. धुळाप्पा ताट घेऊन फाटकापाशी पोचला तेव्हा पत्र्यावर टपटप सुरू झाली. त्याने मागे वळून पाहिले. ज्ञानेश्वरीने खुंटीवरचा प्लास्टिकचा कागद काढला होता, पण तो दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी होती. तिची नजर सासूकडे होती. अयोध्याबाई ओट्यावरून उठली. तिने कागदाचे दुसरे टोक धरले, आणि दोघींनी मिळून ते यंत्र झाकले. विटा ठेवून झाल्यावर दोघी घरात गेल्या. फाटकाकडे कोणी पाहिले नाही. धुळाप्पाने पिवळा आंगठा धोतराला पुसला आणि शेतातल्या ओल्या वाटेवर पहिले पाऊल ठेवले.