मचुनूंच्या हंडीत परकी तंगडी

मी हंडी बोलतेय. बिडाची, काळीकुट्ट, तीन पायांची. अंगणात काटक्या पेटवल्या की त्यांच्यावर पाय रोवून उभी राहते. नोकुफिवा लग्न होऊन मचुनूंच्या घरी आली, तेव्हा सासरच्यांना द्यायच्या चटया-घोंगड्यांबरोबर तिनं मलाही आणलं. सासूनं बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "सुनेपेक्षा हंडीच दणकट दिसतेय!" ही सासू म्हणजे आमची गोगो. घरातली आजी म्हणून सगळेच तिला गोगो म्हणतात. तेव्हापासून ती मला आवडते.

नोकुफिवाचा नवरा भेकानी. ती त्याला नावानं हाक मारत नाही, कुळाच्या नावानं मचुनू म्हणते. तो दरीतल्या कोंबड्यांच्या कारखान्यात होता. जिवंत कोंबड्या फिरत्या साखळीला उलट्या टांगायच्या, हे त्याचं काम. हातभर ओरखडे, अंगाला वास. पण निम्मं गाव त्याच वासावर जेवायचं, त्यामुळे कोणी नाक मुरडत नसे.

रविवारी परसातली कोंबडी माझ्यात शिजायची. आमच्याकडे कोंबडीचा पेटा, म्हणजे तिच्या पोटातला तो चिवट गोळा, घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकापोरांनी त्याला हात लावायचा नाही. लेक अयाबोंगा दर वेळी भांडायची. "बाबा, एवढासा तर तुकडा! त्यात असं आहे तरी काय?"

"त्यात बाप आहे," भेकानी म्हणायचा आणि तिला दाखवून दाखवून चघळायचा. माझं झाकण हसून हसून थडथडायचं.

मग दुकानात गोठलेल्या तंगड्यांच्या पिशव्या आल्या. समुद्रापलीकडचे लोक म्हणे कोंबडीची छाती तेवढी खातात आणि तंगड्या जहाजात भरून मिळेल त्या भावानं इकडे पाठवतात. कारखान्याला अख्खी कोंबडी वाढवून त्या भावात विकणं परवडेना. आधी दुसरी पाळी गेली, मग भोंगाच बंद पडला. टांगणारे, सोलणाऱ्या, खाद्याची पोती वाहणारे, फाटकाशी चहा विकणाऱ्या, सगळे घरी बसले.

त्या दिवशी भेकानी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ज्या तंगडीनं माझं काम खाल्लं, ती या हंडीत शिजणार नाही. उपाशी राहू."

काम सुटताना हातात आले होते त्या पैशांतून त्यानं पिल्लं आणली, वाढवली आणि टॅक्सीच्या थांब्यावर विकायला बसला. साखळीवर त्याच्या शेजारी उभा राहणारा सिफिसो तिथं भेटला, तर त्याच्याच हातात तंगड्यांची पिशवी!

"तू पण?" भेकानीनं विचारलं.

"मग काय करू? तुझी कोंबडी झकास आहे रे. पण एका कोंबडीच्या पैशात ही पिशवी चार दिवस जाते. पोरांना काय तुझा राग वाढू?"

खाद्य महागलं तशा कोंबड्या पडेल भावानं गेल्या. खुराडं रिकामं झालं. माझ्यात मक्याचं पीठ आणि रानातली भाजी तेवढी शिजू लागली. गोगोला खोकल्यानं धरलं. ती कुरकुरायची नाही. एकदाच म्हणाली, "कोंबडीचा रस असता तर घशाला बरं वाटलं असतं."

नोकुफिवानं ते ऐकलं. शाळेतल्या मास्तरीणबाईंचे कपडे धुऊन तिनं चार पैसे मिळवले आणि पिशवी आणली. रिकामी पिशवी माझ्याच खाली जाळून टाकली. पण पिशवीत पेटा कुठला असायला? नवऱ्याला घरची कोंबडी वाटावी म्हणून ती शेजारच्या मामखिझेकडे गेली. मामखिझे विधवा. तिच्या घरी त्या दिवशी कोंबडी कापली होती आणि पेट्याला धनी नव्हता. तो नोकुफिवानं मागून आणला. दिवसभर काम शोधून भेकानी परतला, तेव्हा मी दरवळत होते.

"मामखिझेनं कोंबडी दिली," ती म्हणाली. पेटा तिनं त्याच्या ताटात मधोमध ठेवला. बिचारीला पेटा आठवला, पण तंगड्या मोजायचा विसर पडला. तिनं हौसेनं वाढलं.

"अगंबाई, मला तंगडी!" गोगो हरखली.

"मला पण!" अयाबोंगा ओरडली.

भेकानीनं चारही ताटांकडे पाहिलं. चार ताटं, चार तंगड्या. आयुष्यभर कोंबड्या पायांनी टांगत आलेला माणूस तो. त्यानं पेटा उचलला आणि बायकोच्या ताटात ठेवला.

"ज्यानं हंडी भरली, पेटा त्याचा."

"मचुनू, असं करू नका हो! हवं तर शिव्या द्या. पण हे नको."

"भेकानी!" गोगो खोकत खोकत ओरडली, "उचल तो आणि तोंडात घाल! या घरात पुरुष मेलाय का?"

"कारखान्याबरोबरच मेला, आई."

पेटा कोणीच खाल्ला नाही. तंगडी मात्र त्यानं खाल्ली, मान खाली घालून, हाडापर्यंत. भूक होती हो त्याला. ते पाहून माझा जीव तुटला.

आज नोकुफिवानं मला राखेनं लख्ख घासलं आणि त्याच्या हातात दिलं. आता तो मला घेऊन हमरस्त्याच्या कडेला बसलाय. मी विकले गेले की त्या पैशांवर तो डर्बनला काम शोधायला जाणार आहे. तिथं कोण बसलंय त्याच्यासाठी काम घेऊन? माणसं थांबतात, मला वाजवून बघतात, भाव विचारतात, फार सांगतोस म्हणून निघून जातात.

बाबांनो, मला नका घेऊ. माझा भावही नका विचारू. माझ्या शेजारी हा जो बसलाय ना, त्याला विचारा, "दादा, तुला काय काम येतं?" फार दिवसांत त्याला हे कोणी विचारलेलं नाही.