लेबलाखालची पेन्सिल

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव नाक मुरडण्याचा आहे. तेलकट बोटे मला खपत नाहीत. माझ्या पोटात एकदा बिस्किटाचा चुरा सांडला होता, तो आठवला की अजून कसेसे होते. पण त्याहून किळसवाणी गोष्ट गेल्या महिन्यात घडली. ती नीट कळायला मात्र माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

मला एका सुताराने घडवले. दारे, खिडक्या, टेबले हे त्याचे रोजचे काम. गिटार त्याने आयुष्यात एकच केली. त्याची लेक डावखुरी होती. वर्गात डाव्या हाताने लिहिते म्हणून तिला पट्टी बसायची, आणि संगीताच्या तासाला ती गिटार उलटी धरते म्हणून सगळी मुले खिदळायची. एका वादकाची गिटार सुताराने चार दिवसांसाठी मागून आणली, तिची मापे घेतली आणि सगळी आखणी आरशात दिसावी तशी उलटी केली. पुढची फळी देवदाराची, पाठ शिसवाची, सांधे सरसाने जोडलेले. आवाज खुलावा म्हणून गिटारच्या पोटात तिरक्या पट्ट्या बसवतात. त्या कुणाला दिसत नाहीत, तरी त्याही त्याने उलट्या बाजूनेच बसवल्या. अंगावर लाखेचे पॉलिश, कापसाच्या बोळ्याने चढवलेले आणि अगदी पातळ. पाठ चिकटवण्याआधी त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि भोकातून डोकावल्यावर दिसेल अशा जागी, आतल्या कोऱ्या लाकडावर लिहिले, ‘लेकीच्या डाव्या हाताला’. लिहिण्याचा त्याला भारी कंटाळा. त्याचे अक्षर म्हणून पुढे तेवढेच काय ते उरले.

लेक पुढे गाणे शिकवणारी बाई झाली. एक्केचाळीस वर्षे तिने मला वाजवले आणि हात धुतल्याशिवाय एकदाही शिवली नाही. तारा बदलताना ती कोरडे फडके फिरवायची आणि दर वेळी मान वाकडी करून आत डोकावायची. लोक माझ्या आवाजाचे कौतुक करायचे, ती मात्र ते सगळे कौतुक वडिलांच्या, तिच्या अण्णांच्या, नावावर टाकायची. मग तिची बोटे आखडली आणि मी पेटीत बंद होऊन कपाटावर गेले. तिथे एका झुरळाने माझ्याकडे संसार थाटला. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त बोलणार नाही.

आणि मग आला तिचा भाचा. त्याला कुठून तरी कळले होते की जुन्या गिटारींसाठी हौशी लोक वेडे होतात.

“मावशी, तारा बदलून आणतो तुझ्या गिटारच्या,” तो म्हणाला.

“आण बाबा. पण तिला घासूपुसू नकोस हं.”

घरी नेल्या नेल्या त्याने मला घासायलाच घेतले. वेफर्स खाता खाता, खारट बोटांनी. पॉलिश पेपरने सुताराची लाख पार खरवडून काढली आणि वर दारांना लावतात तसला घट्ट वॉर्निश थापला. मला शिसारी आली, मित्रांनो. तोंडाला साखरेचा पाक फासून उन्हात बसवल्यासारखे वाटत होते. उलट्या तारा बघून त्याला वाटले, मावशीने म्हातारपणी गोंधळ घातला असणार. त्या त्याने ‘सरळ’ केल्या. शेवटी भाव चढावा म्हणून एका बड्या कंपनीचे जुनाट दिसणारे लेबल छापून आणले, त्याला झटकन चिकटणारा गोंद लावला आणि बरोबर त्या पेन्सिलीच्या ओळीवर दाबून बसवले. ‘ही गिचमिड कशाला हवी,’ असे पुटपुटलाही. अशा माणसाच्या मांडीवर पडून राहावे लागणे याहून ओंगळ नशीब नाही.

मग तो मला जुनी वाद्ये पारखणाऱ्या बाईंकडे घेऊन गेला. त्या दोन जिने चढून वरच्या खोलीत बसतात. त्यांनी आधी मला हुंगले आणि चेहरा वाकडा केला. त्या क्षणी त्या मला आवडल्या.

“कुणाची ही?”

“माझ्या वडिलांची. मीही लहानपणापासून हीच वाजवतोय.”

“बरं. मग वाजवा थोडी.”

त्याने मला उजव्या हाताने छेडले. मानेच्या टोकाशी जाड तारेच्या रुंद खाचेत बारीक तार खडखडली, आणि जाड तार अरुंद खाचेवर नुसतीच टेकून राहिली. बाईंनी छोटा दिवा आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा माझ्या पोटात घातला. उलट्या पट्ट्या बघितल्या. मानेवर कुठे झीज झाली आहे ते अंगठ्याने चाचपले.

“ही कंपनीत झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “एकाच माणसानं, एकाच माणसासाठी केलीय. घरात डावखुरं कोण आहे?”

“मावशी,” भाच्याच्या तोंडून निसटले.

“लावा त्यांना फोन. त्या आल्याशिवाय मी किंमत सांगणार नाही.”

किंमत हवी होती, म्हणून त्याने मुकाट्याने फोन लावला. मावशी काठी टेकत दोन्ही जिने चढून आली.

“विकायचीय का?” बाईंनी विचारले.

“नाही. पण किंमत सांगा. याला ऐकू दे.”

बाईंनी दोन आकडे सांगितले. एक, सुताराचे पॉलिश खरवडण्याआधीचा; दुसरा, आत्ताचा. भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मावशीचे आकड्यांकडे लक्ष नव्हते. सवयीने मान वाकडी करून ती आत डोकावली. “हे काय चिकटवलंय?” तिचा आवाज चिरका झाला. “याच्याखाली अण्णांचं अक्षर आहे.”

बाईंनी वाफ देऊन, पातळ पात्याने, तासभर खपून ते लेबल सोडवले. पण त्या घाणेरड्या गोंदाने कोरे लाकूड धरून ठेवले होते. कागदाबरोबर त्याचा पापुद्राही निघाला. आत उरले ‘लेकीच्या डाव्या’. पुढचा शब्द कागदाला चिकटून गेला.

भाचा म्हणाला, “सॉरी मावशी, मला काय माहीत.”

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” मावशी म्हणाली. मग बाईंकडे वळून, “तारा परत माझ्या बाजूनं लावून द्या.”

मित्रांनो, जुनी वस्तू हातात आली तर तिला चमकवायची घाई करू नका. तिच्यावरचा डाग, चरा, गिचमिड कुणाची आहे, हे आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि हात धुवा, एवढे तरी कराच.

आता मी मावशीच्या खाटेशेजारी असते. वॉर्निशचा वास गेलेला नाही. उकाड्यात वॉर्निश तिच्या हाताला चिकटतो आणि मला माझीच किळस येते. तिला येत नाही. ती रोज सकाळी आखडलेल्या बोटांनी एखादी तार छेडते, आत डोकावते, दोन शब्द वाचते आणि तिसरा स्वतः म्हणते.