येऊन राहिली

माही पोरगी अपेक्षा वलगावात, घराच्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरचं. मी तिची माय, दुर्गाबाई. वावरातली मेथी अन् झेंडू माह्याकडं, वरची खोली तिच्याकडं.

कंपनीचा कायदा असा, का पुण्यात राहणाऱ्याले पगार जास्त, अमरावती-अकोल्याकडच्याले कमी. काम तेच. काहून? तं म्हणे तुमच्याकडं स्वस्ताई हाय. आता सांगा, वलगावले लॅपटॉप सवलतीत मिळते काय? उलट इथली लाईन जाते म्हणून इन्व्हर्टर घ्या लागला, तोही आमच्याच पैशानं. इथं स्वस्त एकच, माही मेथी. तेही मी विकायले बसतो तवाच.

एक दिवस अपेक्षा म्हणे, "आई, साहेबाले तोंडावर विचारून येतो. नाईच म्हटलं तं तिकडंच खोली घेतो." मी म्हटलं, जाऊ नको. जायचं तिलेही नव्हतं, पण एकाच कामाचे दोन भाव तिले सहन होत नव्हते. रातच्या ट्रॅव्हल्सनं गेली.

सकाळी मी जुड्या बांधून राहिली होती, तं माहा मोबाईल वाजला. कंपनीतली वर्षाली. बोलणं एकदम गोड.

"अपेक्षाचा फोन लागत नाहीये. कुठे आहे ती?"

"ते पुण्याले येऊन राहिली," मी म्हटलं.

"अय्या, पुण्याला येऊन राहिली? कधीपासून?"

"रातीपासून."

"बरं झालं. नोंद करून घेते."

मले वाटलं, काय गुणाची पोरगी, गाडीत बसल्याचीही नोंद ठेवते.

अपेक्षाले साहेब काई भेटले नाईत. अर्ज ठेवून, दोन-चार खोल्या पाहून ते परत आली. अन् पुढच्याच महिन्यात पुण्याचा पगार जमा. आमाले वाटलं, अर्ज पावला. तिच्या बाबानं अमरावतीहून गिलावडा आणून अख्ख्या गल्लीले चारला.

असे तीन-चार महिने मजेत गेले. एक दिवस साहेब व्हिडिओवर बोलून राहिले होते, अन् मी झेंडूचं टोपलं डोक्यावर घेऊन तिच्या मागून गेली.

साहेबानं विचारलं, "अपेक्षा, पुण्यात कोणत्या भागात राहतेस तू?"

"पुण्यात? मी तर वलगावलाच आहे, सर."

"आमच्याकडे पुण्याची नोंद आहे. खोटं सांगितलंस?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी टोपलं खाली ठेवलं अन् सरळ तिच्या बाजूले जाऊन बसली.

"खोटं कोणीच बोललं नाई, साहेब. फोनवर मीच सांगतलं, ते येऊन राहिली म्हणून."

वर्षालीही त्या व्हिडिओत होती. "हो सर, काकूच म्हणाल्या, पुण्याला येऊन राहिली!"

"हो मंग. गाडीत होती, पोचली नव्हती. आमच्याकडं माणूस पोचेपर्यंत येऊनच राह्यते."

आधी वर्षाली हसली, मंग साहेबही हसले. पण हसता हसता म्हणे, "तरी काकू, पगार पहिल्यासारखा करावा लागेल. नियम आहे."

अपेक्षा हळूच म्हणाली, "मंग मी पुण्यालेच जातो, आई."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, इतके महिने तुमाले वाटलं पोरगी पुण्यात हाय. काम तुमच्या मनासारखं झालं का नाई? मंग आज माहं टोपलं दिसलं, तं तेच काम स्वस्त झालं काय?"

साहेब म्हणाले, "वर विचारून सांगतो."

तो आठवडा घरात कोणाचं जेवणात लक्ष नव्हतं. अपेक्षाची बॅग भरून दाराशी उभी. मी तिच्यात तिखटाचा डबा टाकला अन् पदरानं डोळे पुसले.

मंग साहेबाचा फोन आला, माह्याच मोबाईलवर. "काकू, तुमच्या भाषेत सांगतो. नियम बदलून राहिला. अमरावती, अकोला, सगळीकडे एकच पगार."

आमच्याकडं बदलून राहिला म्हंजे अजून बदलला नाई.

"साहेब," मी म्हटलं, "आमच्या बोलीत बदलून राहिला, का तुमच्या?"

साहेब खो खो हसले. "बदललाही काकू, अन् राहिलाही."

मी बॅग उघडली अन् तिखटाचा डबा पुन्हा फळीवर ठेवून देला.