एका शब्दाएवढी खिडकी

मी एक पुठ्ठ्याची पट्टी बोलतेय. माझा जन्म बुटांच्या खोक्याच्या झाकणातून झाला, आणि सुईण होती पहिलीच्या बाईंची कात्री. वीतभर लांबी, चार बोटं रुंदी आणि मधोमध एका शब्दाएवढी खिडकी. ओळीवर मला ठेवलं की आजूबाजूचं सगळं झाकलं जातं, दिसतो फक्त एक शब्द. रूपानं मी यथातथाच आहे. पण माझं काम भल्यामोठ्या फळ्यालाही जमणार नाही, हे मी छाती ठोकून सांगते!

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला ‘रेडिओ’ म्हणायचे. पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, खणखणीत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापक हमखास तिलाच उभं करायचे.

एकदा मात्र गंमत झाली. रेडिओ पान उलटायला विसरली आणि पुढच्या पानावरचा मजकूर धडाधड ‘वाचत’ सुटली. पोरांना काही कळलं नाही. बाईंच्या भुवया तेवढ्या वर गेल्या.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बसवलं. चित्रावर आपला तळहात ठेवला आणि ओळीवर मला. माझ्या खिडकीत शब्द आला, ‘तळ्यात’.

“हा वाच बरं.”

“बदक तळ्यात पोहते.”

“सगळं नको गं. एवढाच.”

रेडिओ खिडकीवर वाकली. मग हळूच म्हणाली, “बदक?”

तिनं मला उचलून खाली डोकवायचा प्रयत्न केला. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि मला फार वाईट वाटलं. कुणाचं पितळ उघडं पाडायला का माझा जन्म झाला होता?

दुसऱ्या दिवशी मी कपाटामागे जाळ्यांत पडले होते. तिनंच मला तिथं सरकवलं होतं. शिपाईमामांच्या केरसुणीनं चार दिवसांनी मला बाहेर काढलं. बाईंनी मला पुसलं, पण चौकशी कुणाचीच केली नाही.

त्याच दुपारी तिची आई तरातरा वर्गात आली. कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं.

“बाई, माझी पोर घडाघडा वाचते आणि तुम्ही म्हणता येत नाही? रोज ऐकते मी!”

“ताई, ती म्हणून दाखवते. वाचून नाही. आणि चूक तिची नाही, माझी आहे. तिचा आवाज ऐकून मीच फसले.”

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. तिचा सूर उतरला. “मला तरी काय कळणार? पुस्तक उलटं धरलं असतं, तरी मी कौतुकच केलं असतं.”

मग आमचं खरं काम सुरू झालं. रोज दहा मिनिटं. बाई मला हळूहळू सरकवायच्या. माझ्या काठाआडून एकेक अक्षर आत यायचं. ‘त’ आला, मग ‘वा’ आला, ‘तवा’ झाला. पहिली वेलांटी आली की मात्र रेडिओ वैतागायची, कारण ती दिसते आधी आणि बोलते नंतर. बाई म्हणायच्या, “तिला दारात थांबव. अक्षर येऊ दे. मग दोघांना एकदम आत घे.” हसतहसत ती ‘चिमणी’ वाचायला शिकली. खणखणीत रेडिओ आता अडखळत, खरखरत वाजायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. बाई त्यांना म्हणायच्या, “हसू नका. ती पहिल्यांदा वाचतेय.”

एका शनिवारी तिनं मला दप्तरातून घरी नेलं. दुकानात आई घाईत होती. तिनं एक झगमगीत सदरा टेबलावर पसरला, त्याला गिऱ्हाइकानं टाचलेली चिठ्ठी काढून बाजूला टाकली आणि तापलेली इस्त्री उचलली. चिठ्ठ्यांवर बहुधा नुसतं नाव असायचं, त्या ती नंतर शेजारच्यांकडून वाचून घ्यायची.

रेडिओनं चिठ्ठीवर मला ठेवलं. माझी खिडकी सरकू लागली. “रे… श… मी. रेशमी.” मी आणखी सरकले. “का… प… ड. कापड.” शेवटचे शब्द तिनं मला बाजूला सारून, नुसत्या बोटानं वाचले. “आई, थांब! रेशमी कापड. कमी गरम!”

इस्त्री हवेतच थांबली. आईनं विचारलं, “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. इथं लिहिलंय.”

आईनं इस्त्री खाली ठेवली. लेकीला पोटाशी धरलं आणि चिठ्ठीकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मी टेबलावर एकटीच पडले होते, पण माझ्याएवढं सुखी त्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

आज माझे कोपरे वळलेत, खिडकीला दोनदा चिकटपट्टी लागलीय. बाईंच्या टेबलावर यंदाची पोरं माझ्यासाठी रांग लावतात. तुमच्या घरी कुणी पान घडाघडा म्हणून दाखवत असेल, तर शाबासकी द्याच. मग मधल्याच एखाद्या शब्दावर हलकेच बोट ठेवा. मूल अडखळलं, तर रागावू नका. जवळ बसा आणि वाट बघा.