एकाहत्तरची रेघ

त्या मुलीला माझ्याकडून मिळवायचं होतं एक पत्र. बदल्यात द्यायचे होते साठ दिवस, दिवसाला दोन फेऱ्या, आणि फेरीला बेचाळीस पायऱ्या. उतरायच्या वेगळ्या, चढायच्या वेगळ्या. सौदा तिच्या मामाने ठरवला होता, पायऱ्या मात्र तिच्या वाट्याला. दुसऱ्याच्या पायांनी चालायचं असलं की माणसाला कुठलीच वाट लांब वाटत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पुलाच्या काठाकडच्या खांबाला, पाण्यात पाय सोडून उभी असते. नदी किती चढली, किती उतरली, ते माझ्यावर वाचतात. मला पाणीपट्टी म्हणू नका, लोक उगाच खिसा चाचपतात. पत्र्यावर पांढरा मुलामा, त्यावर शून्यापासून दोनशेपर्यंत काळे आकडे, आणि मग भट्टीत शेकून निघाले ती थेट इथे आले.

पूर्वी एक चौकीदार रोज येऊन मला वाचायचा. एका वर्षी त्याने माझ्यावर एकशेऐंशी वाचलं आणि धावत जाऊन खालची वस्ती वेळेत रिकामी करवली. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. पुढच्या वर्षी मला पुसायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मग कचेरी हलली, चौकीदार घरी बसला, आणि माझ्या खिळ्याला कुणीतरी दोरी बांधून टॉवेल वाळत घातले. कितीतरी वर्षं मी टॉवेलांची पातळी दाखवली.

मला पुन्हा कामाला लावलं नदीवाल्या बाईंनी. त्या विद्यापीठात शिकवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या शाळेतल्या मुलांना एकेक ओढा, एकेक पूल वाटून देत. फी नाही, सहल नाही, टोपीसुद्धा नाही. फक्त एक वही, तिच्यात एकशेवीस चौकटी. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. सगळ्या चौकटी भरल्या तर बाई स्वतःच्या हाताने विद्यापीठातल्या प्रवेशासाठी शिफारसपत्र देत. एक राहिली तरी नुसतं प्रमाणपत्र.

मामाने त्या पत्राची किंमत बरोबर ओळखली होती. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देणं हा त्याचा धंदा. पहिल्या दिवशी तो वर कठड्याला टेकून भाचीला समजावत होता. मार्क काय, सगळ्यांनाच असतात. अर्ज वाचणारा शंभर सारखे अर्ज वाचून पेंगतो, आणि ‘सुट्टीत काय केलं’ या चौकटीशी येऊन जागा होतो. तुझ्या वर्गातली पोरं पैसे भरून शिबिरात घोड्यावर बसून येतील, चकचकीत प्रमाणपत्रं आणतील. या बाई पत्र स्वस्तात देत नाहीत, म्हणून ते महाग. आणि हो, रिकामी चौकट म्हणजे कडी न लावलेलं दार. वीस वर्षांत त्याने एकही चौकट रिकामी सोडली नव्हती.

मुलगी चाळीस दिवस आली. आधी नुसती वाचून पळायची. मग थांबायला लागली. लाट बसेपर्यंत वाट बघायची, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायची. मला इतकं नीट चौकीदारानेही वाचलं नव्हतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी ती तापाने पडली. मामा म्हणाला, मी बघून येतो. तो आला, पण गुडघे दुखतात म्हणून बेचाळीस पायऱ्या वरूनच पाहून गेला. नंतरचे दोन दिवस तेवढाही आला नाही. घरी जाऊन त्याने आकडे सांगितले, दोनदा अडतीस, दोनदा सदतीस, दोनदा छत्तीस, आणि पडल्या पडल्या तिने ते लिहून घेतले.

नेमकं मधल्या, बेचाळिसाव्या दिवशी वर कुठलासा बांध फुटला. गढूळ पाणी माझ्या कमरेपर्यंत चढलं आणि काही तासांत उतरलंही. जाताना अंगावर चिखलाची रेघ ठेवून गेलं. एकाहत्तरवर.

ताप उतरल्यावर मुलगी आली. तिने रेघ पाहिली, वही पाहिली, आणि वही मिटली. पुढचे दिवस तिने मला नेमाने वाचलं, पण पन्नासच्या वर नजर म्हणून नेली नाही. मीही कधी इतकी अवघडले नव्हते.

साठ दिवस भरल्यावर, दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई स्वतः पुलावर येऊन मोजपट्टी बघणार, वही तपासणार आणि सही करणार होत्या. साडेतीनला मुलगी पायऱ्यांवर येऊन बसली. पावणेचारला मामा आला. साठ दिवसांत पहिल्यांदा तो खाली उतरला. कण्हत, एकेका पायरीवर थांबत. हातात ओलं फडकं.

“काय करतोयस, मामा?”

“पुसतोय. साहेब यायचे म्हटल्यावर दारसुद्धा पुसतात.”

“दार सगळं पुसतात. तू एकाहत्तरच पुसायला निघालायस.”

मामा खालच्या पायरीवर टेकला. फडक्याचं पाणी माझ्या पायाशी ठिबकत होतं. रेघ पुसली की प्रश्नच मिटला, असं तो हळू आवाजात सांगू लागला. एकशेवीसातले सहा आकडे. आणि पाणी दुपारीच चढून संध्याकाळच्या आत उतरलं असेल, तर सदतीस खोटं कशावरून?

“असेल,” मुलगी म्हणाली. “पण तू पाहिलंस का?”

मामाने फडकं पिळलं.

“मीही नाही पाहिलं. मग तिथे काय लिहायचं?”

“ठमे, पत्र जाईल. साठ दिवसांची धडपड जाईल.”

वर पुलावर छत्री दिसली. बाई पायऱ्या उतरू लागल्या. मामाने फडकं उचललं, त्याचा हात माझ्या एकाहत्तरपर्यंत आला. मित्रांनो, मला हात असते तर मी तो धरला असता. मुलीने धरला नाही. तिने फक्त वही उघडली, सहा चौकटींवर सहा आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, ‘पाहिलं नाही.’

मामाचा हात तिथेच थांबला. पुसायला आता काही उरलं नव्हतं.

बाईंनी वही वाचली, मग वाकून मला वाचलं. एकाहत्तरजवळ बराच वेळ थांबल्या. मामा पुढे होऊन म्हणाला की चूक त्याची, पोरीने फक्त विश्वास ठेवला.

“सतरा दिवस तीही गप्प होती,” बाई म्हणाल्या. “नियम मीच केलाय. आज मोडला तर भर उन्हाळ्यात रोज येऊन मोजणाऱ्यांना काय सांगू?” त्यांनी एकशेचौदा चौकटींवर सही केली आणि छत्री उघडून गेल्या.

मुलीने त्या वर्षी पत्राविना अर्ज केला. नकार आला. पत्र असतं तर होकार आला असता का, हे मामालाही सांगता येईना. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, पूर्ण साठ दिवस. बाईंनी नव्या वहीत छापून घेतलं होतं, ‘पाहिलं नसल्यास तसं लिहावं, पत्र अडणार नाही.’ तिला त्याची गरज पडली नाही. पत्रात मात्र बाईंनी आधीच्या वर्षीच्या सहा चौकटींबद्दल लिहिलं, आणि मुलगी विद्यापीठात गेली.

मित्रांनो, मला जरूर पुसा. शेवाळ काढा, खिळे घट्ट करा, टॉवेल दुसरीकडे वाळवा. फक्त पुसण्याआधी एकदा वाचा.

आता कुणी काय भरलं ते सांगते. बाईंनी एक नियम दिला. मुलीने एक वर्ष. मामा आता बाईंची वही घेऊन तिच्या जागी रोज बेचाळीस पायऱ्या उतरतो. ज्या दिवशी गुडघे उठूच देत नाहीत, त्या दिवसाची चौकट तो दुसऱ्या दिवशी येऊन उघडतो, खूप वेळ तिच्याकडे बघतो, आणि रिकामी सोडतो.