दुसऱ्या रांगेतली ताई

"थांबा." मॅडमनी हात खाली घेतले आणि सरावाची खोली गप्प झाली. "दुसरी रांग, तेवढी शेवटची ओळ पुन्हा. बाकीच्यांनी ऐका."

दुसऱ्या रांगेतल्या बायकांनी ओळ म्हटली. लांब सुरावर एक आवाज थरथरला आणि खाली घसरला. कोणाचा, ते सगळ्यांना कळलं. मान कोणीच वळवली नाही. पियानोवाला उगाचच कागद सारखे करत बसला.

"ठीक आहे. पुढे."

मॅडमच्या तोंडून बेसूर ओळीला 'ठीक आहे' कोणी कधी ऐकलं नव्हतं. नाट्यगृहाचा हा पगारी गायकवृंद त्यांनीच उभा केला होता. आवाज उतरला की निरोप, हा नियमही त्यांचाच. पहिल्या कार्यक्रमात त्या घाबरल्या तेव्हा ज्या म्हाताऱ्या गायकानं सांभाळून घेतलं, त्यालाही पुढे आवाज उतरल्यावर त्यांनी स्वतः बोलावून निरोप दिला होता. तो रडला होता. त्या रडल्या नव्हत्या.

आज घसरलेला आवाज त्यांच्या ताईचा होता. आई गेल्यावर ताईनं स्वतःचं गाणं शिकणं सोडलं, नोकरी धरली आणि धाकटीला शिकायला पाठवलं. पुढे वृंद निघाला तेव्हा चारचौघींसारखी चाचणी देऊन ती आत आली होती.

संध्याकाळी घरी ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मॅडम समोर बसल्या.

"ताई, जरा बोलायचं होतं."

"मग बोल की. पाहुण्यासारखी काय बसलीस?"

"या कार्यक्रमात तू नको गाऊस."

ताईचे हात चालूच होते. "या कार्यक्रमात, की कधीच?"

मॅडमनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"अख्ख्या वृंदाला एका हातानं गप्प करतेस, आणि मला एक शब्द सांगताना तुझी जीभ अडते होय गं?"

"कधीच," मॅडम म्हणाल्या.

"कोणी तक्रार केली?"

"नाही. मलाच ऐकू येतं."

"मलाही येतं." ताईनं हातातली शेंग खाली ठेवली. "वाटलं होतं, माझ्यापुरती तू बहिरी होशील."

ती उठून आत गेली. उरलेल्या शेंगा मॅडमनी सोलल्या.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. कार्यक्रमाच्या दिवशी मॅडम एकट्याच निघाल्या.

वृंद फार छान गायला. लांब सूर आला, तेव्हा सवयीनं मॅडमची नजर दुसऱ्या रांगेच्या टोकाला गेली. तिथे नवी मुलगी उभी होती. सूर शेवटपर्यंत स्थिर राहिला. इतका स्थिर, की पुढची खूण करायला मॅडमचा हात क्षणभर उशिरा उठला. टाळ्या थांबेनात. त्यांनी वळून वाकून नमस्कार केला, पण दिव्यांच्या झोतात समोरचं काही दिसत नव्हतं.

सभागृह रिकामं झाल्यावर त्या रंगमंचामागून खाली खुर्च्यांकडे आल्या. शेवटच्या रांगेत ताई बसली होती. अंगावर वृंदाचा पांढरा पोशाख, कडक इस्त्रीचा.

मॅडमची नजर त्या पोशाखावर थांबली.

"निघताना हात आपोआप त्याच्याकडेच गेला," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, एखाद्या जाणत्या परीक्षकासारखं म्हणाली, "दुसरी रांग आज सुरात होती."

शेजारच्या खुर्चीवरचा कोट तिनं अंगात चढवला आणि एकेक बटण लावत थेट गळ्यापर्यंत बंद केला.