झिगिंशोरची किटली

मी एक किटली बोलतेय. चहाची नव्हे हं! सगळे आधी तीच समजूत करून घेतात. मी प्लास्टिकची, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. नमाजाआधी हातपाय धुवायचं पाणी माझ्या चोचीतून पडायचं. सध्या मुक्काम जोगेश्वरी, चाळीतली गॅलरी, जानकीताईंच्या तुळशीशेजारी. डोळे मिटले की मात्र मी अजून समुद्रापलीकडेच असते.

तिथं, सेनेगल देशातल्या झिगिंशोर गावी, एका गल्लीच्या टोकाला आमची मशीद. केवढी? चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. पत्र्याचं छप्पर, वाळूचं अंगण, त्यात एक कडुनिंब. त्याच्या सावलीत आम्ही किटल्या ओळीनं बसायचो. नमाज आटोपला तरी माणसं घरी जायचं नाव घेत नसत. फुटबॉलवरून भांडत, आजाऱ्यांची चौकशी करत, एकाच थाळीतला भात मिळून जेवत. कुंबा नावाची म्हातारी रोज वाळू झाडायची आणि झाडलेल्या वाळूवर पावलं उमटली की सगळ्यांच्या नावानं शंख करायची.

पोर सात दिवसांचं झालं की सकाळी अख्खी गल्ली अंगणात जमे. इमाम बाळाच्या कानात नाव सांगत, मग कुणीतरी ते खणखणीत आवाजात पुकारी. "शेजाऱ्यांनी ऐकलं नाही ते नाव कसलं!" कुंबा म्हणायची.

त्याच गल्लीतला लामिन कपड्याच्या व्यापारासाठी बायकोला, बिंटूला घेऊन मुंबईला निघाला, तेव्हा कुंबानंच मला त्याच्या सामानात कोंबलं. इथं बिंटूला मुलगी झाली. लामिन हरखून गेला. "बेबीचं नाव ठेवायचं, सगळे या," असं त्यानं चाळभर सांगितलं. दिवस सांगितला नाही. गावी तो कुणाला सांगावाच लागत नसे.

सातव्या सकाळी त्यानं गॅलरीत चटई अंथरली. गावी वाटतात ती कडू कोलाफळं इथं मिळेनात, म्हणून ताटलीत सुपारी मांडली. ऊन चटईवर आलं, तरी कुणी फिरकेना. माणसं डबे घेऊन कामाला निघाली होती, हसून पुढं जात होती. लामिननं माझ्या पाण्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. आत बिंटू रडू लागली. परक्या मुलखात आपल्या लेकीचं नाव ऐकायलाही कुणी नाही, याचंच त्याला दुःख होतं. मलाही फार वाईट वाटलं.

इतक्यात नळावरून जानकीताई आल्या. "काय रे लामिन, चटई घालून बसलास?"

"आज बेटीचं नाव. कोई आया नहीं, ताई."

"आज? अरे देवा! आमच्यात बारसं बाराव्या दिवशी रे! पलीकडच्या सईनं पाळणासुद्धा त्या दिवसाचा सांगून ठेवलाय." हंडा तिथंच टेकवून त्या दारं ठोकत सुटल्या. "ए सई, ए नंदकिशोर, चला रे! पोरगी बिननावाची बसलीय!"

मग काय! कुणी तोंडात ब्रश घेऊन, कुणी ओले केस टॉवेलात गुंडाळून आलं. लामिननं बाळाच्या कानात अजान म्हटली, हळूच नाव सांगितलं. आता पुकारायचं कुणी?

"आत्या कुठाय?" सईनं विचारलं.

"बहन तो गाँव में है."

"मग मी काय मेलेय?" म्हणत जानकीताई पुढं झाल्या. लामिननं नाव त्यांना सांगितलं. त्यांनी बाळाच्या कानात 'कुर्र' केलं आणि पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "कुंबा!" रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. लामिन घाबरून त्यांना वाचवायला धावला, तशी गॅलरी हसून हसून लोळली. बिंटूही हसली.

गेल्या वर्षी ती तिघं गावी परत गेली. माझी चोच तडकलेली, म्हणून मी मागं राहिले. तुळशीला पाणी घालते, निम्मं लादीवर सांडते. शेजारची त्यांची खोली बंद असते. जानकीताई येताजाता त्या दाराशी जरा थांबतात.

जानकीताई, मला भंगारात द्यायचं झालं तर खुशाल द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याआधी गॅलरीत उभ्या राहून एकदा आपल्या छोट्या कुंबाला हाक मारा. इतक्या लांब तिला ऐकू जाणार नाही, ठाऊक आहे मला. पण मी ऐकेन.